वाहत्या पाण्यातला लाल गालिचा

आता नौरोजच्या आधी आमच्या दर्रेबीद गावात शहरातून टेम्पो येतो. गालिचे गुंडाळून नेतो, धुऊन परत आणून टाकतो. परत आलेल्या गालिच्याला अत्तराचा वास येतो. आमच्या वेळी ओढ्याचा यायचा. ओला दगड, ऊन आणि लोकरीच्या पोटात लपलेली मेंढी. तो वास घरात शिरला की वर्ष बदललं असं आम्ही समजत असू.

त्या वासाची मालकीण होती माशदी खावर. मशहदची यात्रा करून आलेली, म्हणून माशदी. मूलबाळ नाही, नवरा लवकर गेला. गावाचे गालिचे हाच तिचा संसार. हिवाळ्यात कोरडा, भुरभुरीत बर्फ पडला की ती दारोदार सांगत फिरायची, आज गालिचे बाहेर काढा. लोकरीची लव खाली करून ते बर्फावर पसरायचे आणि पाठीवर काठीनं झोडायचे. उचलले की पांढऱ्या बर्फावर धुळीचा दुसरा गालिचा उरायचा. कुणाच्या घरात काय सांडतं हे तिला त्यावरून कळे, पण तिनं कधी कुणाचं उणं काढलं नाही. गुंडाळून ठेवायच्या गालिच्यात ती तंबाखूची पानं घालायला लावी, आणि वर सांगे की कसरीवर खरं औषध म्हणजे माणसाचं पाऊल. ज्या गालिच्यावर कुणी चालत नाही, तो कसरीचाच.

पाण्यानं धुणं मात्र वर्षातून एकदाच, डोंगरावरचा बर्फ वितळून ओढा भरला की. आम्ही बाया रांगेनं बसायचो आणि सगळ्यांत वरच्या दगडाशी खावर.

त्या वर्षी लोकर रंगवणाऱ्या तूबाची मुलगी मूनस आपला लग्नाचा गालिचा घेऊन आली. तो तिनं दोन हिवाळे मागावर बसून विणला होता. मागावरून उतरल्यावरचं हे त्याचं पहिलं पाणी. आमच्याकडे नवरीचा गालिचा सासरच्या मोठ्या खोलीत अंथरतात आणि सासू सगळ्या पाहुण्यांसमोर ओला पांढरा रुमाल त्यावर घासते. रुमाल रंगला तर त्या मुलीचं नाव कायमचं गेलं. तूबाचे रंग अख्ख्या खोऱ्यात पक्के म्हणून गाजलेले. तिच्या मुलीला कसली भीती?

खावरनं साबणासारखं फेसाळणारं मूळ उकळून गार केलेलं पाणी गालिच्यावर ओतलं, लवेच्या दिशेनं चोळलं आणि गालिचा प्रवाहात सोडला. ओढा लाल झाला.

खालून कुणीतरी हसून विचारलं, व्याह्यांना आत्तापासूनच चेरीचं सरबत धाडताय का. मूनसचं होणारं सासर त्याच ओढ्यावर, खालच्या अंगाला होतं. मग कुणी हसेना.

खावर वाकली आणि मूनसच्या कानाशी काहीतरी बोलली. मी शेजारीच होते. मूनसनं हळूच सांगितलं की शेवटच्या किनारीला मंजिष्ठेत रंगवलेली लोकर पुरली नाही, म्हणून फेरीवाल्याकडून बाजारी लाल घेतला. आईला ठाऊक नाही.

तेवढ्यात तूबा धावत आली आणि गालिच्याचं टोक धरून ओढायला लागली. खावर सरळ पाण्यात उतरली आणि गालिच्यावर बसली. कमरेपर्यंत बर्फाचं पाणी.

"बाहेर काढलास तर लाल पांढऱ्यात बसेल," ती म्हणाली. "सुटलाय तेवढा वाहू दे."

"माझ्या घरचा रंग सुटत नाही, माशदी. तू काय केलंस याला?"

खावरनं मूनसकडे पाहिलंसुद्धा नाही. "मूळ जास्त उकळलं," ती म्हणाली. "कडक झालं. माझंच चुकलं."

तूबानं मग तिला नाही नाही ते ऐकवलं. म्हातारी झालीस, हात गेले, आता शेळ्या राख. खावर ऐकत राहिली आणि लाकडी फावड्यानं लवेतलं पाणी पुढे ढकलत राहिली. ओठ निळे पडले. रंग थांबेल अशी तिला तरी खात्री कुठे होती. ते मी तिच्या डोळ्यांत पाहिलं. ऊन उतरताना पाणी गुलाबी झालं, आणि मेंढ्या डोंगरावरून परतायला लागल्या तेव्हा स्वच्छ. एका कोपऱ्यातला पांढरा जरासा गुलाबी राहिला, इतकंच.

सासूचा रुमाल पांढराच निघाला. लग्न थाटात झालं.

पण पुढच्या नौरोजला खावरच्या दगडाशी कुणी गालिचा आणला नाही. ती मूळ कडक करते, अशी बोलवा झाली होती. ती आपल्या घरचं जुनं घोंगडं घेऊन बसली होती. तेच सावकाश धूत होती, वेळ सरावा म्हणून.

मूनस माहेरी आली होती, पोटुशी. ती रांग ओलांडून वर गेली आणि खावरच्या शेजारी पाण्यात उतरून उभी राहिली.

"माशदीचं मूळ कडक नव्हतं," ती मोठ्यानं म्हणाली. "लाल बाजारचा होता. मी आणलेला."

सगळ्यांचे हात थांबले.

खावर वैतागली. "वर्षभर मी पचवलं, आणि तू एका दमात ओकलीस? सासरी कळलं म्हणजे?"

"सासूला सांगूनच आले, माशदी."

"मग ती काय म्हणाली?"

"म्हणाली, धुणारीचं घर दाखव, आमचेही गालिचे तिच्याकडेच द्यायचे."

तूबा खाली मान घालून बसली होती. मग उठली, आपला ओला, जड गालिचा काठावरून ओढत वर आणला आणि खावरच्या दगडाशी टाकला. खावरनं वर पाहिलं नाही. तिनं दशा बोटांत घेतल्या, लव कुठे झुकते ते तळहातानं पाहिलं आणि म्हणाली, "चपला काढ, तूबा. त्या टोकाला उभी राहा आणि तुडव."