व्हाळात भिजवलेली तवशी

आमच्या पेडण्याकडे मुलीच्या लग्नानंतरच्या पहिल्या चतुर्थीला माहेरहून तिच्या सासरी वजें जातं. करंज्या, लाडू, नारळ, केळी आणि सड्यावर, म्हणजे गावामागच्या कातळी पठारावर, पावसात पिकलेली भाजी. तिकडे ते सगळं मांडतात, शेजारच्या बायका येऊन बघून जातात. म्हणून वजें नुसतं भरून चालत नाही, ते दिसायलाही चांगलं लागतं. माझ्या हातून जे झालं ते या दिसण्याच्या काळजीपोटी झालं, असं म्हणायला मला आवडलं असतं. ते आळसापोटी झालं.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षीची चतुर्थी. माझी धाकटी बहीण आदल्या हिवाळ्यात केरीला दिलेली, आणि तिला पाचवा महिना लागलेला. मी एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. आरोग्याच्या धड्यातलं ‘भाज्या नेहमी स्वच्छ धुऊन खाव्यात’ हे वाक्य मी मुलांकडून मोठ्याने म्हणवून घेत असे.

भाजी घेऊन येणारी म्हातारी सड्यावरून उतरायची. डोक्यावर टोपली, कंबरेला कोयता. तिची तवशी, म्हणजे पावसाळ्यातली ती मोठी काकडी, आमच्या वाड्यातल्या घरोघरी हवी असायची. त्या दिवशी तिने आमच्या अंगणात टोपली रिकामी केली. दहा-बारा तवशी, दोडकी, भेंडे. सगळं लाल मातीने माखलेलं. पावसाने उघडीप दिली होती, ऊन कडक होतं. आई सोवळ्यात करंज्या तळत होती. तिने आतूनच सांगितलं, “बावडेचा पाणी काढ आणि बालदीत धुव. दर खेपेक पाणी बदल. केरीक चिखल धाडूचो नाय.”

मी घरापुरती चार तवशी बाजूला ठेवली. उरलेली आमच्या टोपलीत भरली आणि घरामागच्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, नेऊन बुडवली, वर दगड ठेवला. विहिरीतून दहा बालद्या ओढण्यापेक्षा हे सोपं होतं. वाहत्या पाण्याला दोष नसतो, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्याच व्हाळाच्या वरच्या अंगाला, काजूच्या झाडांच्या आडोशाला, आमचा अर्धा वाडा सकाळी जायचा. मीही जायचो. तेव्हा घरोघरी संडास नव्हते. पावसात ते सगळं कुठे जात असेल, हा प्रश्न विज्ञानाच्या मास्तरला पडला नाही.

म्हातारी दुसऱ्या घरची भाजी देऊन त्याच वाटेने परत चालली होती. ती थांबली.

“झिला, व्हाळात कित्याक घातलंस? माती पुसून काढली तरी पुरता.”

“व्हावता पाणी आजये, तेका दोष नसता,” मी म्हणालो. वर हसून म्हणालो, “माका धडो शिकवतंस?”

“मी खंय शिकवतलंय बाबा, तू मास्तर,” ती म्हणाली आणि गेली.

मी देवळाच्या सभामंडपात जाऊन बसलो. तिथे राज्य, कोकणी आणि मराठी यांवरून रोजचा वाद चालला होता, त्यात मीही तावातावाने बोललो. दोन तासांनी टोपली काढली, खांद्यावरच्या तुवालाने एकेक तवसं पुसलं. हिरवीगार चकाकत होती. आईने बघून “बरी दिसतत” म्हटलं. दुसऱ्या दिवशी बसने मी ते वजें केरीला पोचवलं. बहिणीच्या सासूने सगळ्यांसमोर तवशांचं कौतुक केलं. बहीण माझ्याकडे बघून हसली.

तिसऱ्या दिवशी निरोप आला. सासरे, नणंद आणि बहीण तिघांनाही ताप आणि रक्त पडणारी हगवण. नवरा आणि सासू बरे होते. त्यांनी तवसं खाल्लं नव्हतं, भाज्या शिजवलेल्या खाल्ल्या होत्या. बहिणीला म्हापशाला नेलं. डॉक्टरांनी मला विचारलं, “कच्चं काय खाल्लं होतं?” मी म्हणालो, “चौकशी करतो.” दवाखान्यातल्या तिसऱ्या रात्री तिचं पोटातलं बाळ गेलं. ती वाचली. तिला पुढे मूल झालं नाही.

घरी ठेवलेली चार तवशी आईने स्वतः विहिरीचं पाणी काढून धुतली होती. आम्ही ती मीठ लावून खाल्ली होती. आमच्यातल्या कुणाचं पोटही दुखलं नाही. एकाच वेलीची तवशी. हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं, कुणी सांगायची गरज नव्हती. पुढे बऱ्याच वर्षांनी मी वाचलं, की उन्हात तापलेलं फळ थंड पाण्यात बुडवलं तर देठाच्या जागेतून ते पाणी आत ओढलं जाऊ शकतं. वरून कितीही पुसलं तरी आतले जंतू तसेच राहतात. घाण पाण्याने धुण्यापेक्षा न धुतलेलं बरं. पण वाचल्यावर मला नवीन काही कळलं असं नाही. फक्त सबब उरली नाही.

केरीला सासूने निकाल लावून टाकला होता: शेणामुतातली भाजी, दुसरं काय होणार. बहीण बरी होऊन महिनाभर माहेरी आली, तेव्हा तिच्याही मनात तेच होतं. म्हातारी नेहमीसारखी टोपली घेऊन अंगणात आली. बहीण उंबऱ्यात उभी राहिली.

“तुझ्या हातचा खाल्लंय आणि माझा पोर गेला. रांडे, परत हंय पाय ठेवू नको.”

म्हातारीने टोपली खाली घेतली नाही. “बाये, माजी नातवां हीच तवशी खातत,” एवढंच म्हणाली. मग तिने माझ्याकडे बघितलं. मी ओसरीवर उभा होतो, खांद्यावर तोच तुवाल. मी बोलावं म्हणून ती थांबली होती. ती स्वतः एक शब्द बोलली असती तरी मी उघडा पडलो असतो. ती बोलली नाही. मीही नाही. मग ती वळली आणि गेली.

वाड्यात बातमी पसरायला वेळ लागला नाही. त्या वर्षानंतर ती आमच्या बाजूला उतरली नाही. दूर हरमलच्या वाटेने जाते असं कुणीतरी सांगितलं. ती वारल्याचंही मला बाजारातच कळलं, तेव्हा तिला जाऊन वर्ष झालं होतं. मी दुकानातून कापूर घेतला आणि घरी आलो.

गेल्या चतुर्थीला बहीण माझ्याकडे आली होती. आमच्या घरात आता तवसं येत नाही, तिच्यासाठी. दुपारी आम्ही दोघंच होतो. मी तिला सगळं सांगितलं. व्हाळ, दगड, म्हातारीने टोकलेलं, घरची चार तवशी. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मारील.

तिने विचारलं, “म्हातारेक सांगलंस?”

“ती नाय आता. खूप वर्सां झाली.”

“मी तेका रांड म्हटलंय, तेव्हा तू खंय होतंस?”

“ओसरीवर.”

“होय. तुवालो खांद्यार घेवन.” ती म्हणाली. “देवान न्हेला म्हणान मी आजवर बसलंय. आता देव पण काडून घेतलंस, आणि म्हातारेक बोललंय तेचा पाप माज्या माथ्यार ठेवलंस. तुका हलका वाटता?”

मला हलकं वाटत होतं. थोडंसं. ते मी तिला सांगितलं नाही.

थोड्या वेळाने ती उठली, कोपऱ्यातली छत्री घेतली. “तेचा घर खंय? सून असतली, कोणतरी असतला.”

“सड्यावर,” मी म्हणालो.

“सडो व्हड आसा. सड्यावर खंय?”

जिची भाजी मी बावीस-चोवीस वर्षं खाल्ली, तिचं घर मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं. बहीण चपला घालून अंगणात उतरली होती आणि मी सांगेन म्हणून थांबली होती.