गंगाधर नावाचं वादळ

घोडपदेवला कौसल्यामावशीची खाणावळ होती. खोली एक, चूल एक, आणि जेवायला आम्ही गोदीतले एकटे राहणारे कामगार. मावशी पहाटे उठून मासळी आणायची, वाटण वाटायची, आमचे डबे भरायची. पाट्यावर वाटणं हे गोणी उचलण्यापेक्षा हलकं काम आहे असं ज्याला वाटतं, त्याने आठवडाभर वाटून बघावं. नवरा लवकर वारला. धाकट्या भावाला, बुधाजीला, तिनेच वाढवलं. तो शिडाच्या मचव्यावर तांडेल झाला. मचवा त्याच्या हुकमाने चाले आणि श्रीवर्धनपर्यंत माल नेई.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आमच्या नाक्यावर फळा होता. वर ठळक अक्षरांत मागणी, खाली रोजची बातमी. सभा कुठे, मोर्चा कधी, कोण पकडला गेला, कोण सुटला. मंत्र्यांची खरी नावं आम्ही लिहीत नसू. प्रत्येकाला टोपणनाव होतं आणि बहुतेक मावशीने दिलेलं. तिला लिहिता येत नव्हतं. ती सांगायची, मी लिहायचो. दिवसभर ओझी वाहिल्यावर हात वर धरून लिहिणं सोपं नाही. पण लोक वाचून हसायला लागले की खांदा दुखायचा थांबे.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि समुद्रात एकदम दोन वादळं उठली. एक आपल्या अरबी समुद्रात, दुसरं पलीकडे बंगालच्या उपसागरात. बातमी मिळायची ती इराण्याच्या हॉटेलातल्या रेडिओवरून. एक जण ऐकायचा, दुसऱ्याला सांगायचा, आणि नाक्यावर पोचेपर्यंत कुठलं वादळ कुठे, ते वाटेतच सांडायचं. एका सकाळी कुणीतरी सांगत आलं की वादळ कमजोर पडलं. बुधाजीने मचव्यात कौलं भरायला घेतली. जेवायच्या वेळेला कळलं, कमजोर पडलं ते बंगालचं. आपलं वाढत होतं.

त्या दुपारी पंगतीला बाबुराव होता. परदेशी जाणाऱ्या बोटीवर भट्टीत कोळसा टाकणारा आगवाला, सुट्टीवर आलेला. तो म्हणाला, अमेरिकेत असा गोंधळ होत नाही, तिथे वादळांना नावं देतात. बिनतारी यंत्रावर अक्षांश-रेखांशांचे आकडे सांगत बसलं की चुका होतात, आणि दोन वादळं एकदम असली तर विचारूच नका. लहानसं नाव चटकन पोचतं आणि खलाशाच्या डोक्यात बसतं. नावांची यादी वर्षाच्या आधीच तयार असते. वादळ उठलं की यादीतलं पुढचं नाव त्याला. आणि नावं सगळी बायकांची.

"बायकांचीच का रे?" मावशीने विचारलं.

"नावं देणारे बाप्ये आहेत म्हणून."

"इथे बाई देणार आहे. मग बाप्यांची देऊ."

यादीचं कुणी ऐकलंच नाही. फळ्याची सवय होती, माणूस बघून नाव द्यायची. बंगालच्या वादळाचा झाला अच्युतराव. हे आमच्या चाळीचं भाडं वसूल करणारे, गोड बोलत येणारे आणि खोली रिकामी करून घेणारे. आपल्या वादळाचा झाला गंगाधर, गोदीतल्या आमच्या शेडचा मुकादम. सकाळपासून ओरडायचा, पण आजवर त्याने कुणाची एक पाळी बुडवली नव्हती.

मी लिहिलं, "गंगाधर रत्नागिरीसमोर. अच्युतराव थकले." फळ्यासमोर रस्ता भरला. बायका गॅलरीतून विचारत होत्या, गंगाधर कुठे पोचला? इराणी स्वतः बाहेर येऊन सांगू लागला. सगळ्या घोडपदेवला दोन्ही वादळं पाठ झाली. एकाचीही चूक होईना. मावशीचा चेहरा नुसता फुलला होता.

दुसऱ्या सकाळी बंदराच्या खांबावर वादळाचा इशारा चढला. मी लिहिलं, "गंगाधर उत्तरेला, आपल्याकडे वळला." लोक हसले. वळू दे, शिव्या देईल आणि चहा मागेल. थोड्या वेळाने बुधाजीच्या मचव्यावरचा खलाशी डबा न्यायला आला. तोही हसतच होता. म्हणाला, तांडेल म्हणतोय, गंगाधर काय करतोय, ओहोटी लागली की निघायचं.

मावशीने चुलीवरचं तसंच टाकलं आणि पळत सुटली. मागे मी. रूळ ओलांडून बंदरावर पोचलो तेव्हा मागचा दोर सुटलेला होता. बुधाजी मचव्यावरून म्हणाला, "बाय, गंगाधरला भिऊन बसलो तर उद्या गोदीत तोंड कसं दाखवू?"

खलाशी हसले. मावशीने पुन्हा हाक मारली. तिच्या हाकेला त्या हसण्यापुढे जोर नव्हता, आणि ते हसू तिनेच नाक्यावर वाटलं होतं. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "गंगाधरला आण. धाव."

मी शेडकडे धावलो. पाठीवर ओझं नसताना माणूस किती पळू शकतो, ते त्या दिवशी कळलं. मला बघताच गंगाधर ओरडायला लागला, कारण फळ्यावरचं त्याच्या कानावर गेलं होतं. मी बुधाजीचं सांगितलं. तो शिवी अर्धी सोडून निघाला.

बंदरावर तो ओरडला नाही. वारा पडला होता, म्हणून हळू बोललेलंही मचव्यावर ऐकू गेलं.

"बुधाजी, मी ओरडतो आणि तिथेच संपतो. त्या वादळाला नाव माझं दिलंय, स्वभाव त्याचा त्याच्याकडे आहे. जाऊ नको."

त्याचा खालचा आवाज आम्ही कुणी कधी ऐकला नव्हता. मचव्यावरचं हसू बंद झालं. बुधाजीने त्याच्याकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं, आणि दोर परत धक्क्याच्या भिंतीवर फेकला.

मग खरं काम. कौलं हातोहात उतरवली, कारण भरलेला मचवा ओढला जात नाही. दुपारी वारा फिरला आणि एकदम आला. लाटा भिंतीवरून आत पडू लागल्या, शेडचे पत्रे उडाले. धक्क्याला बांधलेला एक रिकामा पडाव सुटला आणि भिंतीवर आपटून फुटला. जिथे फुटला, तिथे सकाळी बुधाजीचा मचवा होता. आम्ही दोर खांद्यावर घेऊन मचवा आतल्या बाजूला ओढत होतो. पाय चिखलात रुतत होते. मावशीही दोराला होती, आणि ती नावापुरती धरून उभी नव्हती. ठेका गंगाधर देत होता. मचवा आत आला, बांधला, तेव्हा सगळ्यांच्या तळहातांची सालं गेली होती आणि सगळे वेड्यासारखे हसत होते.

बुधाजी बहिणीशेजारी भिंतीला टेकून बसला. म्हणाला, "बाय, पुढच्याला कुणाचं नाव?"

"आपल्यातलं कुणी ज्याला ओळखत नाही, त्याचं," मावशी म्हणाली. मग उठली. सकाळपासून कुणी जेवलं नव्हतं आणि चूल विझली होती.