पिशवी लय चांगली हाय!

कापसाची पऱ्हाटी उपटली की वावराच्या धुऱ्यावर ढीग लागतो. कोणी मुद्दाम लावत नाही, तो लागतो. पीएचडीवाल्यांचे किस्से आमच्या गावात असेच साचले. मोताळ्याहून येणारी यष्टी पारापाशीच थांबते, म्हणून संशोधन करायचं म्हटलं की जो तो इथंच उतरतो. मी चौथी शिकलेला माणूस, पण किती प्रबंधांत जाऊन बसलो असेन, देव जाणे!

*

पहिला आला एक चष्मेवाला पोरगा. चहाच्या टपरीवर बसून भराभर कागद भरत होता.

"काय लिहून राह्यला बे?"

"बाबा, तुमच्या गावच्या मुलाखती."

"कोणाच्या?"

"सगळ्यांच्या. बस निघते ना, वेळ नाही."

"मंग मी काय म्हणालो?"

त्यानं कागद चाळला. "तुम्ही समाधानी आहात."

इतक्या वर्षांत माह्या बायकोले जे कळलं नाही, ते ह्याले टपरीवर कळलं!

*

मग आल्या एक मॅडम. त्या नियमाच्या पक्क्या. माझा दोस्त नामदेव, त्याच्या ओसरीत बसल्या आणि आधी परवानगीचा कागद वाचून दाखवला. "काका, प्रश्न आवडला नाही तर कारण न सांगता तुम्ही केव्हाही उठून जाऊ शकता."

नामदेव म्हणाला, "मी कुठं जाऊ, बाई? घर माहं हाय!"

*

एकानं तर छापलेला प्रबंधच भेट आणून दिला. नामदेवच्या सुनेनं वाचला: "ओहोटीच्या वेळी गावातील स्त्रिया खडकांवर शिंपले वेचतात." कोकणातल्या कोणाचा तरी उचलला आणि गावाचं नाव तेवढं बदललं!

नामदेव उठला.

"कुठं चालला बे?"

"भरती आली का पाहून येतो. बैल धुवाचे हायेत!"

*

ह्या सगळ्यांत आमची घरची एकच. भीमनगरातली प्रज्ञा. गावातली पहिली डॉक्टरेट होणार म्हणून अख्खं गाव तिच्या मागं. कापूस वेचताना बायांची पाठ धरते, म्हणून कमरेले बांधायच्या कापडी ओटीऐवजी खांद्याले अडकवायची पिशवी तिनं शिवून वाटली. त्या पिशवीनं पाठ कमी दुखते का, हे पाहायचं. त्यावरच डिग्री.

तिचा पहिला लेख छापून आला. पहिलं नाव गाइडचं, दुसरं गाइडच्या बायकोचं, शेवटी प्रज्ञाचं.

"हे दोघं गावात कवा आले होते?"

"आले नाहीत, आबा."

"मंग नाव काऊन?"

"लग्नपत्रिकेत पाळण्यातल्या लेकराचं नाव असते ना? 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' तसं."

मी म्हटलं, "ते लेकरू लग्नाले तरी येते!"

*

पहिली वेचणी झाली. प्रज्ञा घरोघर विचारत फिरली. बाया एका सुरात, "पिशवी लय चांगली हाय! पाठ दुखतच नाही!" गाइड खूश.

दुसऱ्या वेचणीले एक दिवस ती न सांगता वावरात गेली. सगळ्यांच्या कमरेले जुनीच ओटी! तिची शेजारीण कमलकाकू, तिच्या घरी पिशवी खुंटीले, आत लसूण.

"काकू, हे काय?"

"तुह्या परीक्षेचं हाय ना, माय! वाईट बोलाचं नाही असं ठरलं. नामदेवभाऊनंच सांगतलं साऱ्याइले."

प्रज्ञानं जाऊन गाइडले सगळं सांगितलं. गाइड म्हणाले, "आहे तेच दे. पुन्हा करत बसलीस तर मुदत संपेल, डिग्री विसर."

नामदेवही गेला समजवाले. "आमच्यातलं कोणी तोंड उघडत नाही, पोरी!"

पोरीनं सगळी उत्तरं रद्द केली. मुदतवाढीसाठी चपला झिजवल्या, आणि पुढच्या हंगामात विचारलं नाही, बायांच्या संगं वेचत राह्यली अन् पाहत राह्यली. मी तिले म्हटलं, "येडी हायेस." आजही म्हणतो.

*

शेवटी तोंडी परीक्षा. जीप करून मी, नामदेव, कमलकाकू, सगळे गेलो अन् मागं बसलो. बाहेरून आलेले साहेब, कपाळाले आठ्या.

"मग, पिशवीनं पाठदुखी कमी झाली?"

"नाही सर. बाया ती वापरतच नाहीत. पहिली उत्तरं माझ्यावरच्या मायेपोटी दिलेली होती. मी ती काढून टाकली."

गाइड पंख्याकडं पाहायले लागले. नामदेवनं माझा हात दाबला. "गेली डिग्री!"

साहेब मागं वळले. "मावशी, खरं सांगा. पिशवी कशी आहे?"

कमलकाकूनं प्रज्ञाकडं पाह्यलं. प्रज्ञानं मान हलवली.

"बेकार हाय, साहेब! वाकलं की तोंडावर येते!"

सगळे हसले. साहेबही हसले, आणि पेन काढून सही ठोकली. प्रज्ञा डॉक्टर झाली!

बाहेर पेढे चालू होते. प्रज्ञानं एक नवी पिशवी काढली, पट्टा बदललेली. "काकू, ही पाहा बरं. कशी आहे?"

कमलकाकूनं ती उलटीसुलटी केली, खांद्याले लावली, वाकून पाह्यलं. मग म्हणाली,

"कोणाले सांगू? तुले, का साहेबाले?"