आजोबा, सूनबाई, जावई आणि फुलांची साइट

चार टेस्टर जेवायला जमले की पहिल्या वाढणीपासूनच किस्से सुरू होतात. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या माणसांकडे दुसरं असणार तरी काय! २००६ साली आम्ही अमेरिकेत, बॉथेलच्या ऑफिसात फुलं घरपोच पाठवणाऱ्या एका दुकानाची नवी वेबसाइट टेस्ट करत होतो. त्या वर्षाचे किस्से तर संपता संपत नाहीत.

टीममध्ये मी पुण्याची, मिलिंद डोंबिवलीचा आणि शिरीष नागपूरचा. मॅनेजर कॅरन. शिरीषचं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरअखेर संपत होतं आणि त्याच्या बायकोला, अश्विनीला, सातवा लागला होता. एक्स्टेन्शन नाही मिळालं तर व्हिसा गेला, आणि तिला तशा अवस्थेत घेऊन नागपूर गाठायचं! साइट धड चालली तर कॅरन त्याला ठेवणार होती, नाहीतर पहिला नंबर त्याचाच. आम्हाला सगळ्यांनाच त्याची काळजी लागून राहिली होती.

* * *

साइट तीन ब्राउजरवर सारखी चालायला हवी होती. तिघांना आम्ही घरगुती नावं ठेवली होती. जुना, संथ, पण अर्धी ऑफिसं अजून त्याच्याच भरवशावर, तो आजोबा. नवी, चटपटीत, ती सूनबाई. आणि मॅकवरचा तो जावई.

"जावई म्हणजे काय?" कॅरननं विचारलं.

मिलिंद म्हणाला, "मुलीचा नवरा. तो घरी आला की त्याच्यासाठी सगळं फर्निचर हलवावं लागतं."

कॅरननं सुस्कारा सोडला. "माझ्याकडे दोन आहेत!"

* * *

ऑटोमेशनचा रन सुरू करण्याआधी तयारी फार. स्क्रीनसेव्हर बंद, पॉप-अप बंद, तिन्ही मशीनवर विंडो एकाच मापाची. मग स्टार्ट दाबायचं आणि हात मागे घ्यायचे. पुढे मशीन आपलं आपण टाइप करतं, क्लिक करतं. माउसला चुकून कोपर लागलं तरी सगळं पहिल्यापासून!

एकदा वरचे मोठे साहेब लॅब बघायला आले. खुर्ची रिकामी आणि स्क्रीनवर भराभर ऑर्डरी भरल्या जातायत.

"हे कोण करतंय?"

"शिरीष," मिलिंद शांतपणे म्हणाला.

"कुठे आहे तो?"

"लंचला गेलाय."

"त्याचा पगार वाढवा!" साहेब म्हणाले आणि निघून गेले.

शिरीषला हे कळल्यावर त्यानं कपाळावर हात मारला. "अबे यार, पगाराचं काय घेऊन बसले! एक्स्टेन्शन सांगायचं ना त्यांना!"

* * *

खंडेनवमीला शिरीषनं लॅबमधल्या मशीनची पूजा केली. आमची शस्त्रं हीच! झेंडू मिळाला नाही म्हणून दुकानातली शेवंती आणली. कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. रन सुरू केला आणि जावई बिथरला. पान उघडलं की आपोआप खाली खाली घसरत जायचं. आम्ही दुपारभर कोड उलटापालटा केला. शेवटी कॅरननं कीबोर्ड पालथा करून आपटला, आणि बटणाच्या फटीतून तांदळाचा दाणा बाहेर पडला.

बग रिपोर्टमध्ये तिनं कारण लिहिलं, "तांदूळ." वर शिरीषला दम दिला, "पुढच्या वर्षी फक्त फुलं. नो राइस!"

आम्ही पोट धरून हसलो. शिरीष मात्र कीबोर्डातले उरलेले दाणे वेचत बसला. पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही, हेच त्याला ठाऊक नव्हतं.

* * *

आता शेवटच्या रनचं सांगते. फॉर्मला अमेरिकेतला खरा पत्ता लागायचा. शिरीषनं विद्वांस काकूंचा घातला. नवा नवा आला तेव्हा तो त्यांच्या बेसमेंटमध्ये राहायचा, त्यामुळे तोच एक पत्ता त्याला तोंडपाठ. काका जाऊन वर्ष होत आलं होतं. मुलगा तिकडे लांब फ्रिस्कोला, आणि काकू घरात एकट्या. फुलांसोबतच्या कार्डावर पाठवणाऱ्याचं नाव त्यानं घातलं, शिरीष.

टेस्टच्या साइटवरून फुलं खरी जात नसत. पण त्या दिवशी दुकानातल्या कुणीतरी ती साइट खऱ्या ऑर्डरींना जोडून ठेवली होती!

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन. "अरे शिरीष, एकदम तीन गुच्छ? आणि तिसऱ्याच्या कार्डावर नावच नाही रे!"

शिरीष खुर्चीतून उडालाच. तिन्ही ब्राउजरवरून एकेक ऑर्डर गेली होती आणि आमच्या टेस्टनं तिघांनाही पास केलं होतं. आजोबांच्या स्क्रीनवर नाव दिसत होतं, पण पुढे दुकानापर्यंत पोचतच नव्हतं. साइट अशीच सुरू झाली असती तर शिरीष थेट नागपुरात!

दुकानवाले ऐकेनात. असं होणं शक्यच नाही म्हणाले. कॅरन म्हणाली, "शिरीष, ते कोरं कार्ड घेऊन ये. पुरावा लागेल."

शिरीष गेला आणि हात हलवत परत आला. कॅरननं त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. काही न विचारता तिनं आजोबांवरून स्वतःच्या घरी फुलं मागवली. कार्ड कोरं आलं! बग सिद्ध झाला, शिरीषला एक्स्टेन्शन मिळालं, आणि जानेवारीत त्याची मुलगी इथेच जन्मली.

काकूंकडचं कार्ड का आणलं नाही, ते त्यानं आम्हाला मुलीच्या बारशाला सांगितलं.

तो पोचला तेव्हा दोन गुच्छ जेवणाच्या टेबलावर होते. तिसरा काकांच्या फोटोपुढे, कार्डासकट. ही सगळी फुलं मशीननं पाठवली, हे सांगायला त्यानं तोंड उघडलं.

काकू चहा ओतत म्हणाल्या, "ते दोन तुझे. हा यांचा. यांनी जन्मात कधी कार्डावर नाव लिहिलं नाही!"