भिंतीवरचे सासरे

तिला खऱ्या नावाने हाक मारणारं बाहेर कुणी उरलंच नव्हतं. भाजीवाला, बँकेतली मॅनेजर, दाताचा डॉक्टर, सगळ्यांची ती वहिनी, कारण रोज रात्री आठ वाजता ती टीव्हीवर एका मोठ्या घराची थोरली सून असायची. त्याआधी कितीतरी वर्षं ती नर्स होती, शेजारीण होती, हिरोइनच्या मागे ट्रे धरून उभी असलेली कुणीतरी होती. मग कुठे हे मिळालं.

आणि पहिल्याच दिवशी सेटवर गोंधळ. भिंतीवर मेलेल्या सासऱ्यांचा फोटो हवा होता आणि ज्या म्हाताऱ्या नटाचा काढायचा तो आलाच नाही. दिग्दर्शक दिसेल त्याच्यावर डाफरत होता. हिनं पटकन मोबाइल पुढे केला, "माझ्या बाबांचा चालेल?" झालं. दुपारपर्यंत बाबा सोनेरी चौकटीत, वर पिवळा बल्ब.

आई भडकली. "जित्याजागत्या माणसाला टांगलंस? काळी जीभ ऐकली होती, तुझा तर हातच काळा."

बाबा मात्र खूश. "अगं, बिनपगारी असली तरी पर्मनंट आहे. पाठांतर नको, मेकअप नको."

तिसऱ्या वर्षी बाबा खरंच गेले. साधा ताप, मग दवाखाना, मग काहीच नाही. ती कामावर परतली तर पहिलाच सीन फोटोसमोरचा. बाबा, तुम्ही असता तर हे घर असं फुटलं नसतं. एका टेकमध्ये ओके. सगळे म्हणाले, ताई, काय रडलात.

तेव्हापासून तिला सेटवर धड चहा जाईना. मोठे लाइट बंद झाले तरी तो पिवळा बल्ब चालूच असायचा, आणि स्वयंपाकघराच्या खोट्या दारातून बघा, कुठेच न जाणाऱ्या जिन्यावरून बघा, बाबा तिच्याकडेच बघत असायचे. आसपास कुणी नसलं की ती हळूच विचारायची, "जेवलात?" आणि मग स्वतःच दचकायची.

घरी आईनं फोटो लावू दिला नाही. "तिथे दिसतो की रोज." आठ वाजले की आई चष्मा पुसून बसायची. सुनेच्या रडगाण्याशी तिला घेणंदेणं नव्हतं, नजर भिंतीवर. "आज एकदाच दाखवला," अशी कुरकुरही करायची.

मग लेखकानं कथा फिरवली. सासऱ्यांची म्हणे बाहेर दुसरी बाई होती, घर तिच्या नावावर केलेलं. थोरल्या सुनेनं फोटो उतरवून आपटायचा.

"फोटो बदला ना," ती दिग्दर्शकाला म्हणाली. "माझी आई बघते हो. तिला तेवढाच आधार आहे."

"ताई, एवढी वर्षं तोच चेहरा आहे. आता मेल्यावर सासरे कसे बदलू? त्यापेक्षा वहिनी बदलणं सोपं." तो हसला, पण तो विनोद नव्हता.

टेकवर टेक झाले. राग येईचना. "ताई, चिडा," दिग्दर्शक म्हणत राहिला. तिनं बाबांकडे पाहिलं आणि तिला दवाखाना आठवला. तू जा, शूटिंग आहे ना, मला काही होत नाही, असं म्हणाले होते. आणि ती गेली होती.

"खोटारडे," ती किंचाळली. हा शब्द स्क्रिप्टमध्ये नव्हता. चौकट फरशीवर फुटली. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत.

तो भाग लागला त्या दिवशी ती आईशेजारी बसली. आधी सांगायचं धाडस झालं नव्हतं. आईनं शेवटपर्यंत पाहिलं, मग शांतपणे विचारलं, "कोण होती ती?"

"कोण?"

"ती बाई."

"आई, मालिका आहे गं ती."

"ते कळतं मला, वेडी नाही झाले. पण तू खोटारडे म्हणालीस ते मालिकेतलं नव्हतं. मी जन्म दिलाय तुला." आईनं चष्मा काढून मांडीवर ठेवला. "बदलीच्या गावी दोन वर्षं एकटाच होता तो."

तिनं आईचा हात घट्ट धरला आणि सगळं सांगितलं, दवाखाना, बाबांचं ते वाक्य, आपण निघून गेलो ते, आईची शप्पथ घेऊन, हुंदके देत, अक्षरन् अक्षर खरं.

आईनं पूर्ण ऐकून घेतलं.

"छान बोलतेस डायलॉग," ती म्हणाली, आणि टीव्ही बंद केला.