पीएच.डी.च्या कपाटातले सल्ले

नोकरी करून पीएच.डी. करणाऱ्या माणसाकडे दोनच गोष्टी साठत जातात, झेरॉक्स आणि किस्से. झेरॉक्सना कोकणात बुरशी लागते आणि एक दिवस मन घट्ट करून आपण त्या रद्दीत देतो. किस्से कुठे देणार? आमच्याकडचे तर असे आहेत, की दुसऱ्या कॉलेजातला माणूस ऐकताना आधी हसतो आणि मग हळूच खुर्ची जरा मागे घेतो.

महाडच्या आमच्या कॉलेजात पीएच.डी. करणारे आम्ही तिघं. रसायनशास्त्राचे कदम सर, लायब्ररियन विद्या आणि भूगोल शिकवणारी मी. शनिवारी तास संपले की लायब्ररीच्या मागच्या खोलीत बसायचो. तिथे एक लोखंडी कपाट आहे आणि त्यात पंधरा-वीस पुस्तकं, सगळी एकाच विषयावरची. प्रबंध वेळेत कसा संपवावा, गाइडशी कसं वागावं, डोकं ठिकाणावर ठेवून संशोधन कसं करावं. ती कोणी आणून ठेवली हे विद्यालाही ठाऊक नाही. तिच्या रजिस्टरला त्यांची नोंदच नाही.

त्या कपाटाची एक रीत होती. पुस्तक वाचून झालं की शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने आपला एक सल्ला लिहायचा आणि मगच ते परत ठेवायचं. खाली नाव घालायचं नाही. आमच्या आधी कितीजणांनी लिहून ठेवलं होतं कोण जाणे.

मी सांगते आहे त्या वर्षी कदम सर आणि विद्या शेवटाला आले होते आणि मी रखडले होते. दोन मुदतवाढी संपलेल्या, तिसरी मिळणार नव्हती. मेअखेर प्रबंध गेला नाही तर रजिस्ट्रेशन रद्द, म्हणजे सात वर्षांची मेहनत पाण्यात. रात्रंदिवस माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

*

एका पुस्तकात सल्ला होता, अडलात तर समोर रिकामी खुर्ची ठेवा आणि तिला आपला विषय समजावून सांगा. कदम सर असले सल्ले डॉक्टरांच्या गोळ्यांसारखे पाळतात. भर दुपारी खुर्ची मांडून अर्धा तास तिला गंधकाची संयुगं समजावत बसले. तेवढ्यात आमच्या शिपाई शेवंताबाई चहा घेऊन आल्या. एक कप त्यांनी सरांपुढे ठेवला आणि एक त्या खुर्चीपुढे.

"अहो बाई, मी एकटाच आहे," सर म्हणाले.

सर चेष्टा करतायत असं शेवंताबाईंना वाटलं. त्या म्हणाल्या, "त्यांचा बिनसाखरेचा हाय. मगाशी दारातच सांगितलं त्यांनी."

कदम सरांनी दोन्ही कप संपवले. आम्हाला सांगताना म्हणाले, "दुसरा खरंच बिनसाखरेचा होता."

*

सरांचा विषय म्हणजे महाडजवळच्या सव गावचे गरम पाण्याचे झरे. दर रविवारी सकाळी तिथे जायचं, पाण्याचं तापमान घ्यायचं आणि वहीत लिहायचं. वही जवळच्या चहाच्या टपरीवर ठेवलेली असे, टपरीवाल्या वहिनी ती सांभाळत. कपाटातल्या पुस्तकात कोणीतरी लिहिलं होतं, "एकही खाडा करू नका. झाला तर झाला म्हणून लिहा."

एका रविवारी सरांना सणकून ताप भरला. दिवसभर अंथरुणात होते, त्यांच्या बायकोने कपाळावर पट्ट्या ठेवल्या. पुढच्या रविवारी त्या तारखेसमोर 'नोंद नाही' असं लिहायला त्यांनी वही उघडली, तर नोंद होती. त्यांच्याच अक्षरात पाण्याचं तापमान, हवेचं तापमान आणि खाली सही.

त्यांनी वहिनींना विचारलं. वहिनी म्हणाल्या, "आला व्हतात की तुम्ही. तोंड उतरलं व्हतं पार. चहा पन नको म्हणालात."

"मग त्या आकड्याचं काय केलंत?" मी सरांना विचारलं.

"काय करणार? आलेखात अगदी बरोबर बसतोय."

मला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगते, हेवा वाटला. माझं काम करून द्यायला कोणी येत नव्हतं.

*

विद्याने वेगळाच सल्ला उचलला. आभाराचं पान सगळ्यात आधी लिहून ठेवा, हुरूप येतो. तिने गाइड, प्राचार्य, नवरा, सासूबाई असं क्रमवार लिहून ठेवलं. प्रबंधाच्या बांधलेल्या प्रती आल्या तेव्हा त्या पानावर एक ओळ जास्त होती. "वेळोवेळी संदर्भ काढून देणारे दत्ताराम गुरुजी यांची मी ऋणी आहे."

विद्याला वाटलं, मी गंमत केली. मला वाटलं, कदम सरांनी. सरांनी टायपिस्टकडे बोट दाखवलं आणि टायपिस्टने हात वर केले. प्रती बदलायला वेळच नव्हता, त्या तशाच विद्यापीठात गेल्या.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक साठीच्या घरातले होते. त्यांनी प्रबंध उघडला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "हे दत्ताराम गुरुजी कोण?"

विद्याने घाबरून ठोकून दिलं, "आमच्या लायब्ररीत असतात सर. मदत करतात."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मी इथलाच विद्यार्थी," ते म्हणाले. "माझेही संदर्भ त्यांनीच काढून दिले होते. ते गेले तेव्हा खांदा दिलाय मी त्यांना." मग पान उलटत म्हणाले, "अजून करतात तर मदत."

विद्या त्या दिवशी डॉक्टर झाली. तिने सगळ्यांना पेढे वाटले, पण मागच्या खोलीत ती तेव्हापासून एकटी जात नाही.

*

माझ्या वाट्याला आलेला सल्ला साधा होता. आपला विषय अनोळखी माणसाला तीन मिनिटांत सांगता आला पाहिजे. एका संध्याकाळी मी चवदार तळ्याच्या काठी बाकावर टेकले. शेजारी पांढऱ्या सदऱ्यातले एक गृहस्थ बसले होते, त्यांनाच धरलं. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीतून माणसं मुंबईला जातात, मागे कोण उरतं, ते कसे जगतात. त्यासाठी घरोघर जाऊन एकशेवीस फॉर्म भरायचे.

त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बंद घरातल्या माणसांना कोण विचारणार?"

"बंद घरात माणसं कुठली असणार?" मी हसून म्हटलं. ते उठून गेले.

घरी पोचते तोच पुण्याहून माझ्या गाइड मॅडमचा फोन आला. एरवी आधी पाच मिनिटं तब्येतीची चौकशी करणाऱ्या मॅडम थेट म्हणाल्या, "एक सांगा, बंद घरातल्या माणसांना कोण विचारणार?"

मॅडम तोवर एकदाही महाडला आलेल्या नव्हत्या.

*

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

एकशे एकोणीस फॉर्म भरून झाले होते. एकशेविसावं घर वाडीच्या टोकाला, आंबेनळी घाटाच्या अंगाला. चार वेळा डोंगर चढून गेले आणि चारही वेळा दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "कोन नाय गो तिथं. लय वर्सं झाली." यादी विद्यापीठाने मंजूर केलेली, त्यातलं घर गाळता येत नव्हतं. मे उजाडला होता. कपाटातल्या एका पुस्तकात पेन्सिलीने लिहिलेलं होतं, "एखादा फॉर्म घरी बसून भरला तर कोणाला कळत नाही." सगळे सल्ले सोडून मी नेमका तो पाळला.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर दहा मिनिटांत फॉर्म भरला. नाव भागीरथी, वय बहात्तर, एकटी राहते. गुडघे दुखतात. एक गाय आहे, तिचं नाव कपिला. मुलगा एक, मुंबईला, बारा वर्षांत आलेला नाही. फॉर्म खरा वाटावा म्हणून खाली शेरा मारला, "बाईंनी ताक दिलं." लाज वाटली, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं.

आठवड्याने मॅडम आल्या. म्हणाल्या, "सही करण्याआधी एखादं घर मी स्वतः बघते." गठ्ठ्यातून त्यांनी एक फॉर्म ओढला. तो एकशेविसावा निघाला.

पोलादपूरहून जीप केली. वाटेत तीनदा खरं सांगायला तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. कुलूप दिसलं की म्हणायचं, बाई मुलाकडे गेल्या असतील, एवढं ठरवून ठेवलं.

घराचं दार उघडं होतं. अंगण ताजं सारवलेलं. गुडघ्यावर हात टेकत एक म्हातारी बाहेर आली आणि मला म्हणाली, "ये गो. बस."

मॅडमनी फॉर्म समोर धरून एकेक प्रश्न विचारला. नाव भागीरथी. वय बहात्तर. एकटीच. गोठ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ती कपिला." मुलगा? "हाय ना, मुंबईला हाय. बारा वर्सं झाली, आला नाय." मग आत जाऊन तिने दोन पेले ताक आणलं. मॅडम प्यायल्या. माझ्या हातातला पेला तसाच राहिला.

मॅडमनी तिथेच ओटीवर बसून माझ्या प्रबंधाच्या प्रमाणपत्रावर सही केली. "काम चोख आहे तुमचं," म्हणाल्या आणि जीपकडे उतरायला लागल्या. सात वर्षांचं काम त्या एका सहीने वाचलं होतं.

मी चप्पल घालत होते, तेव्हा म्हातारीने माझं मनगट धरलं. हात चांगला उबदार होता.

"सगळं बरोबर लिवलंस गो," ती हळूच म्हणाली. "माझं नाव, गाय, गुडघं. पोराचं नाव तेवढं नाय लिवलंस. काय नाव त्याचं?"

फॉर्ममध्ये मुलांच्या नावांचा रकानाच नव्हता. खालून जीपचा हॉर्न वाजत होता. ती मनगट सोडेना. घाबरून मी माझ्याच मुलाचं नाव सांगितलं.

तिने ते दोनदा पुटपुटून बघितलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता हाक मारता येईल."