उजव्या बाजूचे कौल

बंद घरं उघडणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप साठतात. कुलूप निघालं की आतून वटवाघूळ तरी निघतं, नाहीतर गोष्ट तरी. मी गवंडी. शाळा दुसरीपर्यंत. लिहायची सवय नाही. पण हे किस्से बाजारात लोक चुकीचे सांगतात, म्हणून लिहितो.

स्वातंत्र्य मिळून पाच-सात वर्षं झाली होती. चौलच्या पुढे खाडी ओलांडली की आमचं बंदर. बाजारपेठ एकच, आणि तिच्यातली निम्मी दारं बंद. मालक मुंबईला, चावी मुंबईला, छप्पर तेवढं इथे गळत. पंचायतीने ठरवलं, ही घरं दुरुस्त करून वापरात आणायची. काम आम्हा तिघांकडे आलं. भिंत माझी, लाकूड विठू सुताराचं, छप्पर इब्राहिमभाईचं.

घाई एकाच गोष्टीची होती. फाल्गुनात हुकूम आला, गावाला बाळंतपणाची नर्स मंजूर. मात्र पावसाआधी बाजारात पक्की जागा हवी, नाहीतर नर्स दुसऱ्या गावाला. माझ्या सुनेला तेव्हा पाचवा महिना. म्हणजे बाळंतपण आषाढात. आषाढात खाडीवरची होडी दोन-दोन दिवस बंद असते, आणि दवाखाना पलीकडे अलिबागला. माझी बायको अशाच एका आषाढात होडीची वाट बघत गेली. त्याबद्दल एवढंच.

*

पहिली जागा कापडाच्या दुकानाची. दाराला तीन कुलपं. सरपंचांनी मालकाला मुंबईला पत्र घातलं, त्याची परवानगी आली, चाव्या आल्या. तिन्ही गंजलेल्या. रॉकेल घालून, ठोकून, विठूने दोन दिवसांत कुलपं काढली. दार उघडलं तर समोर उजेड. मागची भिंतच नव्हती. आत एक म्हैस रवंथ करत बसलेली.

विठू म्हणाला, "नाना, हिला विचारलं असतं तर हिनं आतून कडी काढली असती."

मी भिंत बांधली. गिलावा वाळला त्या सकाळी गेलो, तर पोस्टमास्तर टेबल मांडून शिक्के मारत बसलेले. त्यांच्या जुन्या जागेचं आढं रात्री खाली आलं होतं.

"ही जागा नर्सबाईंची आहे," मी म्हटलं.

"डाक थांबत नाही, मिस्त्री."

"बाळंतपण थांबतं?"

त्यांनी चष्मा पुसला आणि पुढचं पाकीट घेतलं. विठू माझ्या कानाशी म्हणाला, "सुनेला तिकीट लावून अलिबागला टाकू या का?" मी त्याच्याशी दिवसभर बोललो नाही.

*

दुसरी जागा भाताची वखार. सुनेला सहावा. वखारीत वटवाघळं इतकी की इब्राहिमभाई डोक्याला गोणपाट बांधून वर चढला. खाली उतरला तेव्हा त्याला त्याच्या बायकोनेही घरात घेतलं नाही.

वखार चांगली झाली. जमीन मी स्वतः चोपली. तिसऱ्या दिवशी आतून पाढे ऐकू आले. शाळेची एक भिंत पडली होती, म्हणून हेडमास्तरांनी पहिलीचा वर्ग इथे आणून बसवला होता.

"उठवा तुम्ही," हेडमास्तर मला म्हणाले. "माझ्याच्याने उठवली जाणार नाहीत."

चाळीस पोरं माझ्याकडे बघत होती. माझ्याच्यानेही उठवली जाणार नव्हती. विठू पुढे झाला.

"पोरांनो, तुमच्यात नर्स कोन हाय?"

एका मुलीने हात वर केला. विठू मला म्हणाला, "नाना, थोडी कळ काढ. व्हईल सोय."

*

वैशाखात नर्सबाई स्वतः जागा बघायला आल्या. बारीक बाई, हातात काळी छत्री. छत्रीच्या टोकाने त्यांनी पोस्टाची भिंत ठोकली, वखारीची ठोकली. "कामं चांगली आहेत," म्हणाल्या. "यात मी कुठे बसू?"



पेठेच्या मधोमध गंगाकाकींचं घर होतं. दोन खोल्या, पुढे ओटी. जोतं पक्कं. यजमान वारल्यावर काकी मुंबईला भावाकडे गेल्या त्याला बारा वर्षं झाली होती. नर्सबाईंनी छत्रीने दाखवलं. "हे का नाही?"

"काकी उघडू देत न्हाय," इब्राहिमभाई म्हणाला.

"विचारलंत?"

कोणी विचारलं नव्हतं.

"महिनाभर वाट बघते," नर्सबाई म्हणाल्या. सुनेला सातवा.

*

सरपंचांनी पत्र घातलं. काकींचं पोस्टकार्ड आलं, ते माझ्या हातात दिलं. मी अक्षरं जुळवून वाचलं. "कौल मिळाल्याशिवाय दार उघडू नये. कौल मिळाले की कळवावे. मी स्वतः चावी घेऊन येईन."

मला बाई शहाणी वाटली. आधी छप्पर, मग दार. कामाची रीत हीच. त्या घराची उजवी बाजू वादळात उघडी पडली होती.

अडचण एकच. ते कौल जुन्या ठशाचं होतं. नवीन त्यात बसेना. पंधरा दिवस आम्ही रेवसपर्यंत पडक्या घरांची छपरं बघत फिरलो. शेवटी कौल सापडलं ते गावातच, मशिदीमागच्या पडक्या मुसाफिरखान्यावर. इब्राहिमभाईने जमातीला विचारलं. ते म्हणाले, न्या, तिथे आता कुणी मुसाफिर उतरत नाही.

चार दिवसांत उजवी बाजू झाली. घराच्या आत पाऊल न टाकता, बाहेरून शिडी लावून. मी पोस्टकार्ड लिहिलं. "उजव्या बाजूचे कौल मिळाले. चावी घेऊन यावे."

*

ज्येष्ठात आभाळ भरून आलं असताना काकी होडीतून उतरल्या. सोबत भाऊ, हातात ओटीचं सामान. सुनेला आठवा सरत आला होता. काकी घरासमोर उभ्या राहिल्या, चावी पदराच्या गाठीत.

"मिस्त्री, कौल लागायला वेळ लागला का हो?"

"चार दिवस, काकी."

"चार दिवस?" त्यांनी हात जोडले. "म्हणजे देव सहज देत नव्हता."

इथे माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या देवळात गुरव देवाच्या अंगाला कळ्या लावतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्यालाही कौलच म्हणतात. मी विठूकडे बघितलं. तो ओठ दाबून खांबाकडे तोंड करून उभा होता.

मी खोटं बोलत नाही. म्हणून विचारतील तेवढ्याचं उत्तर द्यायचं ठरवलं.

"डावा नाही ना पडला एकही?"

"डावीकडचं एक पडलं होतं, काकी."

"अगं बाई. मग?"

"इब्राहिमभाईच्या डोक्यावर पडलं. फुटलं."

काकींनी जोडलेले हात खाली घेतले.

"कौल लावला कुणी? गुरवाने ना?"

"इब्राहिमभाईने."

इब्राहिमभाई पुढे आला. डोक्याला पट्टी. "सलाम, काकी. पक्कं लावलंय. हलनार न्हाय."

काकींनी त्याच्याकडे बघितलं. मग मान वर करून छपराकडे बघितलं. उजवी बाजू घासून लावलेल्या कौलांची, लाल; डावी काळी. पुष्कळ वेळ बघत राहिल्या. भाऊ काहीतरी बोलायला गेला, त्याला हातानेच गप्प केलं. पदराची गाठ सोडली आणि चावी माझ्या हातात दिली.

"पाऊस यायच्या आत सामान लावा," म्हणाल्या, आणि परतीच्या होडीकडे चालू लागल्या.

विठूने मला नंतर विचारलं, "नाना, खरंच तुला देवळातला कौल आठवला न्हाय?"

"मी देवळात गेलो तरी छप्परच बघतो," मी म्हटलं.

*

आषाढात तीन दिवस होडी बंद होती. त्यातल्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, सुनेला नर्सबाईंकडे नेलं. घरापासून दोनशे पावलं. मी ओटीवर बसून छपराचा आवाज ऐकत होतो. उजव्या खोलीत एक थेंब आला नाही. दिवेलागणीला नर्सबाई छत्रीशिवाय बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मुलगी. दोघी बऱ्या आहेत." त्यानंतर मी विठूकडून विडी मागून घेतली. मी विडी ओढत नाही.

काकींना पोस्टकार्ड टाकलं. "आपल्या घरात नात झाली. होडी बंद होती. कौल गळले नाही."

आठ दिवसांनी उत्तर आलं. मी अक्षरं जुळवून वाचलं.

"मुलीस आशीर्वाद. कौल कसले होते ते गुरवाला कोणी सांगितले नाही ना?"